मान हलू दे, अक्षर हलता कामा नये

आधी पत्र थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. नाशिकच्या एक शिक्षिका आहेत, वय ४१, सातवी-आठवीला गणित शिकवतात. २०१७ साली त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार, आपण ज्याला नुसतं एमएस म्हणतो तो. औषध चालू आहे, दोन वर्षांत नवा अटॅक नाही, एमआरआयसुद्धा जैसे थे. तक्रार आहे ती तोलाची. त्या लिहितात, "फळ्यावर लिहून वर्गाकडे वळले की सगळा वर्ग क्षणभर पोहायला लागतो, मी टेबल धरते. परवा मागच्या बाकावरून हळूच ऐकू आलं, मॅडम घेऊन आल्यात वाटतं. न्हाताना डोळे मिटले की हात भिंतीवर जातोच. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत, थांबलं की येतात. चक्करेची गोळी दोन वर्षं घेतेय. जाऊबाईंनी डोळ्यांच्या व्यायामाचं रील पाठवलं, याने तोल सुधारतो म्हणे. मिस्टर म्हणतात, लटपटतायत पाय आणि तू डोळे काय फिरवत बसलीस. मी चार दिवस केलं, गरगरायला लागलं म्हणून सोडलं. खरंच उपयोग असतो का? ता.क. डॉक्टर काठी घ्या म्हणतायत, मला नकोय." खाली सही, 'भिंत धरून चालणारी'.

अगं भिंत धरून चालणारी, अहो-जाहो केलं की मला क्लिनिकमध्ये टेबलापलीकडे बसल्यासारखं वाटतं म्हणून सरळ तू म्हणते, वयाने मी दहा-बारा वर्षांनी मोठीच आहे आणि फिजिओथेरपीत केस पांढरे झालेत, तेवढा हक्क आहे.

उपयोग असतो. पण जाऊबाईंनी पाठवलेल्या रीलचा नाही, आणि जे चार दिवस करून तू सोडलंस ते बहुतेक त्या रीलमधलंच असणार. डोळे वर, डोळे खाली, गोल फिरवा, तळवे चोळून पापण्यांवर ठेवा आणि महिन्यात चष्मा घालवा. चष्मा त्याने जात नाही तो भाग वेगळाच. तुझ्या तोलासाठी जे लागतं त्यात नजर एका जागी खिळलेली असते आणि हलते ती मान. म्हणजे लोक डोळ्यांचा व्यायाम म्हणतात खरं, पण तो डोळे आणि मान यांची जोडी जुळवायचा प्रकार आहे, पाय त्या जोडीवर अवलंबून असतात म्हणून त्यांना फायदा होतो.

मिस्टरांना पटवायचं असेल तर त्यांच्यावरच एक प्रयोग कर. मोबाईलवर कुठलाही मेसेज उघडून हातभर अंतरावर धरायला सांग, मोबाईल स्थिर ठेवून त्यांनी मान भराभर नाही-नाही अशी हलवायची, अक्षरं व्यवस्थित वाचता येतील. आता मान स्थिर आणि मोबाईल तेवढ्याच वेगाने डावी-उजवीकडे हलवायचा, काही वाचता येणार नाही, नुसत्या रेघा. दोन्हीकडे वेग तोच, डोळे तेच, मग फरक कुठून आला? पहिल्या वेळी कानाने मदत केली. आपल्या प्रत्येक कानात आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी असतं, मान वळली की त्या पाण्याच्या हालचालीवरून मेंदूच्या बुडाशी निरोप जातो आणि तिथून डोळ्यांना हुकूम सुटतो की मान डावीकडे गेली, तुम्ही तेवढंच उजवीकडे सरका. हे सगळं सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. मोबाईल हलतो तेव्हा मात्र डोळ्यांना आधी बघावं लागतं आणि मग मागे धावावं लागतं, त्यात दहापट वेळ जातो, तोवर मोबाईल पुढे निघून गेलेला. एसटीचा कंडक्टर खड्ड्यांतून धडधडणाऱ्या गाडीत उभ्या-उभ्या तिकिटाच्या मशीनवरचे आकडे दाबतो ना, ते या कानाच्या जोरावर.

आता तुझं. एमएसमध्ये नसांवरचं आवरण जागोजागी खरवडलं जातं, वायरचं प्लास्टिक निघाल्यासारखं, निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धवट पोचतो. ही खरवड मेंदूच्या बुडाशी किंवा लहान मेंदूत असेल तर नेमका हा कान-डोळा निरोपच लंगडतो. चालताना पाट्या वाचता येत नाहीत आणि थांबलं की येतात, तुझ्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली, कारण चालताना प्रत्येक पावलाला डोकं थोडं वर-खाली होत असतं आणि डोळ्यांनी ते भरून काढायचं असतं, ते नाही झालं की जग उड्या मारतं. फळ्यावरून वर्गाकडे वळलं की वर्ग पोहतो तेही तेच. पत्रावरून निदान करायचं नसतं, मी करत नाहीये, पण पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना नुसतं "चक्कर येते" असं सांगू नकोस, या दोन गोष्टी जशाच्या तशा सांग.

चक्कर या शब्दावरून आठवलं. आपल्याकडे एवढे चांगले शब्द आहेत, गरगरणं, झोक जाणं, अंधारी येणं, भोवळ, घेरी, डोकं हलकं होणं, आणि डॉक्टरसमोर बसलं की सगळे एकाच चक्करेत कोंबतात. मग डॉक्टर घाईत असतील तर चक्करेची गोळी, आणि जरा निवांत असतील तर मानेचा एक्स-रे आणि पट्टा. उठताना अंधारी येत असेल तर बीपी बघावं लागतं. अंथरुणात कूस बदलली की खोली अर्धा-पाऊण मिनिट गरगर फिरते आणि थांबते, असं असेल तर तो कानातले बारीक खडे नळीत सरकल्याचा प्रकार, त्याला डोकं ठराविक पद्धतीने वळवून खडे परत जागेवर आणतात, बऱ्याचदा एक-दोन वेळात काम होतं. एमएस असलेल्या माणसाला हेही होऊ शकतं बरं का, सगळं एमएसच्या नावावर खपवायचं नाही. तुझ्या पत्रात कुशीचा उल्लेख नाही, पण एकदा तपासून घे, कारण त्याला मी खाली सांगतेय तो व्यायाम लागत नाही.

"न्हाताना डोळे मिटले की भिंत", याचं कारण थोडं वेगळं आहे. तोलासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर येते, डोळे, कान आणि पायाचे तळवे-घोटे. तिघांपैकी दोघं धड असले की भागतं. तुझा कान-डोळा मार्ग कच्चा, तळव्यांचीही खबर एमएसमुळे थोडी पुसट असणार, म्हणजे सगळा भार नजरेवर, आणि साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून तू तीही बंद करतेस. मग उरलं काय? म्हणून बाथरूममध्ये एक पकडायचा दांडा बसवून घे, टॉवेलचा रॉड नको, तो हातात येतो, भिंतीत खिळवलेला दणकट दांडा, आणि न्हाताना स्टुलावर बस. हे आज संध्याकाळी करायचं काम आहे, व्यायाम उद्यापासून.

एमएसमध्ये याचा अभ्यास झालाय का असं कुणीतरी विचारणारच, तर झालाय. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात ८८ जणांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना तोलाचे आणि नजरेचे एकत्र व्यायाम, निम्मे नुसते वाट बघणारे, म्हणजे तुलनेसाठी तोवर व्यायाम न दिलेले. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा फिजिओसमोर, पुढचे आठ आठवडे एकदा, आणि घरी रोज. तोल सुधारला, गरगरणं आणि थकवा कमी झाला, आणि ज्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या बुडाशी किंवा लहान मेंदूत डाग होते त्यांना जास्त फायदा झाला. तुझ्या रिपोर्टमध्ये ब्रेनस्टेम किंवा सेरेबेलम हे शब्द आहेत का बघ. ती सगळी माणसं किमान शंभर मीटर चालू शकणारी होती, फार तर एका हातात काठी घेऊन, तेव्हा व्हीलचेअरवर असलेल्यांना हेच सगळं असंच लागू होईल असं मी म्हणणार नाही. आणि या व्यायामांची मूळ कल्पना एमएसची नाहीच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कूक्सी अशा दोघा डॉक्टरांनी डोक्याला मार बसलेल्या आणि कानाच्या रुग्णांसाठी ती बसवली, झोपवून ठेवलेल्यांपेक्षा हलवलेले पेशंट लवकर बरे होतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे अजून चक्कर आली की आडवी हो हाच सल्ला.

तर करायचं काय. एका छोट्या कागदावर ठसठशीत एक अक्षर काढ, र काढ, नाहीतर गणिताचा आकडा काढ, तुझं तू ठरव. साध्या कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटव. समोर हातभर अंतरावर पाठ टेकायची खुर्ची घेऊन बस, प्लास्टिकची डुगडुगणारी नको. चष्मा असेल तर लावून. नजर अक्षरावर, आणि मान डावी-उजवीकडे, फार नाही, घड्याळात अकरा ते एक एवढीच. सुरुवात विलंबित लयीत. अक्षर स्पष्ट दिसतंय तोवर लय हळूहळू वाढव, अक्षराच्या कडा धूसर व्हायला लागल्या की तिथून एक पायरी खाली ये, तो तुझा आजचा वेग. बरेच जण इथेच चुकतात, एकतर इतकं हळू करतात की कानाला काही कामच पडत नाही, किंवा अंगात आल्यासारखी मान हलवतात आणि अक्षर केव्हाच गायब झालेलं असतं. १५ सेकंद कर, थांब, डोकं शांत होऊ दे, मग हो-हो अशी वर-खाली १५ सेकंद. झालं. एवढंच दिवसातून तीनदा. पुढे वाढवत वाढवत एका वेळी मिनिटभर.

ज्यांचा फक्त कान अधू असतो त्यांना आम्ही दिवसाला एकूण १२ ते २० मिनिटांपर्यंत नेतो, तीन-चार तुकड्यांत. तुला तिथे जायची घाई नाही, एमएसचा थकवा ही काय चीज आहे ते तुला मी सांगायला नको.

याच्या जोडीला दुसरा एक आहे, तो तुझ्या फळ्यासाठी आहे असं समज. भिंतीवर दोन अक्षरं, हातभर अंतराने. मान सरळ, आधी फक्त डोळे उजव्या अक्षरावर, डोळे पोचले की मग मान तिकडे. मग डोळे डाव्यावर, मागून मान. डोळे आधी, मान नंतर, दहा वेळा. कथक शिकलेल्या कुणाला विचार चक्कर घेताना काय करतात, समोर एक बिंदू धरतात, अंग फिरतं पण नजर शेवटपर्यंत तिथे आणि मग मान झटकन फिरून परत त्याच बिंदूवर. तेच तू वर्गात वापर. लिहून झालं की आधी कुठे बघायचं ते ठरव, मागच्या भिंतीवरचा तक्ता, खिडकीची चौकट, काहीही स्थिर, आधी डोळे तिथे, मग मान, मग खांदे, मग पाय. पोरांच्या तोंडांकडे वळू नकोस, ती हलत असतात. आणि मागच्या बाकाला एकदा स्पष्ट सांगून टाक की मॅडमच्या मेंदूत एक वायर जरा सैल आहे म्हणून झोक जातो, सातवीतल्या मुलांना वायर लगेच कळते. त्यांच्यातलाच एखादा उद्या तुझं खडू-डस्टर धावत आणून देईल. नाही सांगितलं तर ती स्वतःची गोष्ट रचणार, रचलीच आहे.

बसून एक मिनिट जमलं, अक्षर धूसर न होता, तर उभं राहा. पण कुठे? खोलीच्या कोपऱ्यात, पाठ कोपऱ्याकडे, दोन्ही बाजूंना भिंत आणि समोर जड खुर्ची, तिची पाठ तुझ्याकडे. अक्षर मग समोरच्या भिंतीवर मोठं काढून लाव. घरात कुणीतरी असताना. पाय अनवाणी किंवा बंद बूट, मोजे घालून फरशीवर उभं राहायचं नाही, स्लिपरही नाही. आधी पाय फाकवून, मग जवळ, मग एकापुढे एक अर्धवट. तेही जमलं की पायाखाली घट्ट उशी किंवा गादीचा तुकडा, म्हणजे तळव्यांची खबर मुद्दाम बिघडवायची आणि कानाला कामाला लावायचं. त्यानंतर तो कागद कोऱ्या भिंतीवरून काढून फुलाफुलांच्या पडद्यावर किंवा गिचमिड छापलेल्या कॅलेंडरवर लाव. हसशील, पण मागे गर्दी असली की व्यायाम एकदम अवघड होतो, आणि तुला चालायचंय ते तर कोऱ्या भिंतीसमोर नाही, भाजीबाजारात चालायचंय. मग पॅसेजमध्ये एक हात भिंतीजवळ ठेवून चालायचं आणि दर तीन पावलांना मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. प्रत्येक पायरीला एक-दोन आठवडे दे. उशीच्या पायरीपासून पुढचं फिजिओला दाखवून कर, आणि डोळे मिटून उभं राहायचा जो भाग असतो तो तर फिजिओशिवाय नाहीच.

आता गरगरण्याचं, ज्याच्यामुळे तू सोडलंस. थोडं गरगरणार, गरगरायलाच हवं. मेंदूला चूक झाल्याचं कळलं तरच तो दुरुस्ती करतो ना, काहीच चुकलं नाही असं वाटलं तर कशाला बदलेल. पण त्याला मोजमाप पाहिजे. दहापैकी किती गरगरतंय असं स्वतःला विचार, सुरू करताना दोन असेल तर करताना चार-पाचपर्यंत गेलं तर चालेल, आणि थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत परत दोनवर यायला हवं. तासाभराने अजून मळमळतंय, दुपार आडवी गेली, म्हणजे डोस जास्त झाला, दुसऱ्या दिवशी निम्मा कर. बंद करायचं नाही, निम्मा करायचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०१९ मध्ये मला स्वतःला कानाच्या नसेला सूज आली होती, व्हायरल, एका सकाळी उठले तर छत पंख्यासकट फिरत होतं. चार दिवसांनी जरा उभी राहिले आणि मनात म्हटलं वीस वर्षं लोकांना शिकवतेय, आता मी दाखवते. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं सलग केलं. मग उलट्या, आणि संध्याकाळपर्यंत अंथरूण. पेशंटने केलं असतं तर मी रागावले असते. नंतर गुमान १५ सेकंदांवर आले. भांडी घासायला येणाऱ्या मावशी दोन दिवस दारातून बघत होत्या, तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाल्या, "ताई, भिंत काय मागतीय तुमच्याकडं, सारखं नाही-नाही म्हणताय तिला?" तेव्हापासून आमच्या घरी या व्यायामाचं नाव भिंतीला नाही म्हणणं असंच आहे. माझा आजार वेगळा, माझ्यात बाकी वायरिंग शाबूत होतं, त्यामुळे मी दोन महिन्यांत सुधारले तशीच तूही सुधारशील असं वचन देत नाही. तुझ्या बाबतीत तीन-साडेतीन महिने धरून चाल, आणि एमएस त्याने बरा होत नाही, खरवडलेली नस तशीच राहते, मेंदू फक्त वळसा घालून जायला शिकतो. व्यायाम सोडला की वळसा विसरतो, म्हणून नंतरही थोडं थोडं चालू ठेवावं लागतं.

गोळीबद्दल. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन असल्या ज्या गोळ्या असतात त्या कानाकडून येणारा गोंधळ दाबतात, पहिल्या चार-आठ दिवसांच्या उलट्या-चक्करेला उत्तम, मीही घेतली होती. पण दोन वर्षं? निरोपच दाबून ठेवला तर मेंदू शिकणार कशावर. शिवाय यातल्या काही गोळ्यांनी लांब पल्ल्यात हातपाय कडक होणं, कापणं, चाल मंदावणं असलेही त्रास होतात, म्हणजे ज्याच्यासाठी घेतली तेच बिघडतं. तुझी गोळी कुठली ते तू लिहिलं नाहीस, सगळ्या सारख्या नसतात. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, पाकीट घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि सरळ विचार, मी व्यायाम सुरू करतेय, ही गोळी अजून हवी का आणि नको असेल तर कशी कमी करू.

वेळ सकाळची ठेव. उन्हाने एमएस वाढल्यासारखा वाटतो हे तुला माहीत असेलच, अंग तापलं की खरवडलेल्या नसेतून निरोप आणखी अडखळतो, निवलं की परत मूळपदावर. उट्‌हॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्ये हे टिपून ठेवलंय, आणि एमआरआय नव्हते तेव्हा पेशंटला गरम पाण्यात बसवून निदान करायची पद्धत होती. तेव्हा एप्रिल-मे मध्ये दुपारी शाळेतून आल्यावर व्यायाम करून "काल जमत होतं आज जमत नाही" असं रडू नकोस. पंखा लाव, मानेवर ओला नॅपकिन टाक. आणि कढत पाण्याने आंघोळ झाल्या-झाल्या तर अजिबात नको. ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तेव्हाही सगळं बिघडल्यासारखं वाटतं, आधी ते बरं होऊ दे.

कधी थांबायचं तेही सांगते. एकाचे दोन दिसायला लागले, बोलणं जड झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, डोळा हलवताना दुखून नजर अंधुक झाली, किंवा नवीनच काहीतरी सुरू होऊन चोवीस तासांच्या वर टिकलं, तर व्यायाम बाजूला आणि फोन न्यूरॉलॉजिस्टला. अर्धांग, बोलणं असलं काही अचानक आलं तर चोवीस तास मोजत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. दोन-दोन दिसणं आधीपासून असेल तर व्यायाम होतो पण वेगळ्या तऱ्हेने, तो दाखवून घ्यावा लागतो. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर मान किती वळवायची हे आधी विचारून घे. फिजिओ शोधताना विचारायचं की व्हेस्टिब्युलर रिहॅब, म्हणजे कान-डोळा-तोलाचे हे असे व्यायाम, करता का, किंवा न्यूरोचा अनुभव आहे का. "शेक देऊ आणि मशीन लावू" असं उत्तर आलं तर पुढचा बघ. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून आहे, मुंबई-पुण्यात त्यांच्या शाखा आहेत, नाशिकहून फोनवर तरी संपर्क कर, फिजिओचं नाव आणि तुझ्यासारख्या चार जणी दोन्ही मिळतील.

मध्येच एक, बाकीच्या वाचकांसाठी, कारण हे वाचून ज्याला-त्याला भिंतीला नाही म्हणावंसं वाटणार. घरात सासूबाई-आजोबांना जुना डायबिटीस असेल आणि तळवे बधिर झाले असतील तर त्यांच्याही तोलाचा भार नजरेवरच असतो, पण त्यांना आधी काय लागतं, तर रात्री पॅसेजमध्ये जळता दिवा. शून्याचा बल्ब. आणि जिना उतरताना वर-लांबचं-खाली-जवळचं असा दुहेरी चष्मा असेल तर त्यातून पायरी धूसर दिसते, बरेच जण तिथेच पडतात, बाहेर फिरायला लांबच्या नंबरचा साधा वेगळा चष्मा करून घ्या. पार्किन्सनवाल्यांचा मामला आणखी निराळा, त्यांच्याबद्दल परत कधीतरी लिहीन.

मोजायचं कसं, हे गणिताच्या बाईंना सांगायला लागू नये पण तरी. कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिही, किती सेकंद अक्षर स्पष्ट राहिलं आणि दहापैकी किती गरगरलं. रोज बघू नकोस, दर रविवारी बघ. मधे एखादा आठवडा घसरेल, परीक्षेचे पेपर तपासायच्या दिवसांत तर नक्कीच.

राहिली काठी. घे. तुला वाटतं काठी घेतली की आजारी दिसेन, पण टेबल धरून उभी राहणारी बाई पोरांना काय वाटली ते तूच लिहिलंस. व्यायामाने तोल सुधारेपर्यंत पडायचं नाही एवढंच तिचं काम आहे, नंतर नको वाटली तर कोपऱ्यात ठेव. म्हातारी दिसते असं वाटत असेल तर ट्रेकवाल्यांची घडीची मिळते, नाशिकात ट्रेकवाले काय कमी आहेत, कुणी विचारलं तर सांग रविवारी गडावर जाणार. फक्त तिचं टोक टोकदार नको, वर रबर चढवून घे. धरायची ती कमजोर पायाच्या उलट्या हातात, सगळे हमखास कमजोर बाजूलाच धरतात. उंची, बूट घालून ताठ उभी राहा, हात सैल सोड, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यायला हवी. आणि ते खालचं रबर मधूनमधून उलटं करून बघत जा, झिजून गुळगुळीत झालं की बदल, वीस-तीस रुपयांची वस्तू आहे पण पावसाळ्यात शाळेच्या ओल्या व्हरांड्यात तिच्यावरच उभी असशील.